तारण, कृपा आणि सत्कर्मे : रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

ख्रिस्ती धर्मातील तारणविचाराविषयी आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्या मनात बहुधा दोन समजुती असतात : पहिली अशी की, रोमन कॅथलिक पंथाच्या मते दानधर्म, उपवास, तीर्थयात्रा आणि प्रसंगी रोख रक्कम यांच्या बळावर स्वर्ग कमावता येतो, आणि दुसरी अशी की, प्रॉटेस्टंट पंथाच्या मते एकदा तोंडाने विश्वास प्रकट केला की पुढे मनुष्य कसाही वागला तरी त्याचे तारण अबाधित राहते. या दोन्ही समजुती मुख्यतः सोळाव्या शतकात एका पक्षाने दुसऱ्या पक्षाविरुद्ध रचलेल्या आरोपांतून उतरल्या आहेत. आणि प्रतिपक्षाच्या फिर्यादीवरून कोणाच्याही श्रद्धेचा निवाडा करणे न्यायाचे नसल्यामुळे, त्या त्या पंथाचे अधिकृत दस्तऐवज काय सांगतात हे पाहणे अगत्याचे आहे.

मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने पाप टाळू शकतो, आणि ईश्वराची कृपा म्हणजे मुख्यतः त्याने दिलेली आज्ञा, शिकवण व उदाहरण होय, असे मत ज्याच्या नावावर प्रसिद्ध आहे तो पेलागियस पाचव्या शतकाच्या आरंभीचा; आणि त्याच्याविरुद्ध संत ऑगस्टीनने आयुष्याच्या उत्तरार्धात जी प्रदीर्घ लेखणी चालवली, तिच्या अनुरोधाने ४१८ साली कार्थेज येथे जमलेल्या धर्मपरिषदेने, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथर याच्या जन्माच्या हजाराहून अधिक वर्षे आधी, त्या मताचा निषेध केला. पुढे ५२९ साली दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज येथील परिषदेने आणखी एक पाऊल टाकून असे ठरवले की, विश्वासाचा प्रारंभ, किंबहुना विश्वास ठेवावा अशी मनातली पहिली ओढसुद्धा, कृपेचेच दान आहे. ल्यूथरच्या मताचा प्रतिवाद करण्यासाठीच जी ट्रेंटची परिषद भरली, तिने १३ जानेवारी १५४७ रोजी मंजूर केलेल्या निर्णयातील पहिलेच कलम असे आहे की, ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी मनुष्य ईश्वरापुढे नीतिमान ठरू शकतो असे जो म्हणेल तो बहिष्कृत होय. कॅथलिक पंथ सत्कर्मांना पुण्याईचे मोल देतो हे खरे आहे. परंतु ते मोल कृपेने आधीच नवे झालेल्या मनुष्याच्या कर्मांना आहे, आणि ती कर्मेही ईश्वराचीच देणगी असल्याचे तीच परिषद बजावते. हे समजून न घेता कॅथलिकांवर ‘कर्मठपणा’चा शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते.

क्षमापत्रांची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तेथे दोषाचा भाग झाकण्याचे कारण नाही. शास्त्रार्थ पाहिला तर या पत्रांनी पापाची क्षमा विकत मिळत नव्हती : क्षमा पश्चात्ताप व पापनिवेदन यांनी मिळावयाची, आणि क्षमा झाल्यावरही जो तात्कालिक दंड उरतो त्याची सूट तेवढी क्षमापत्राने मिळावयाची, अशी ती तरतूद होती. परंतु व्यवहारात काय झाले? मेन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याने एकाहून अधिक धर्मप्रांत आपल्या हाती ठेवण्यासाठी रोमला जी रक्कम द्यावयाची होती, तिच्याकरिता आउग्सबुर्गच्या फुगर या सराफी पेढीकडून कर्ज काढले. आणि त्याच्या मुलखात वाटल्या जाणाऱ्या क्षमापत्रांच्या वसुलीतील निम्मा हिस्सा रोममधील सेंट पीटर्सच्या बांधकामाकडे आणि निम्मा या कर्जाच्या फेडीकडे जावा, असे ठरले. या वसुलीसाठी योहान टेट्झेलने ज्या थराला जाऊन प्रवचने केली, त्यांनी भोळ्या लोकांची समजूत बिघडली असल्यास दोष लोकांचा नव्हे. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली या लाभाच्या प्रकारांना बंदी केली, आणि १५६७ साली पोप पाचवे पायस यांनी पैशाच्या मोबदल्यात दिलेल्या क्षमापत्रांच्या सवलती रद्द केल्या.

येथेच आणखी एक समजूत दूर करावी लागते. ल्यूथरने १५१७ साली मांडलेल्या पंच्याण्णव प्रमेयांत सत्कर्मांना गौण लेखले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्रेचाळीसावे प्रमेय असे सांगते की, जो गरिबाला देतो किंवा गरजवंताला उसने देतो, तो क्षमापत्र विकत घेणाऱ्यापेक्षा अधिक चांगले करतो. म्हणजे ज्या लेखापासून युरोपातील धर्मसुधारणेचा आरंभ मोजतात, त्या लेखाची एक मुख्य तक्रार हीच होती की शेजाऱ्याच्या मुखी जावयाचा घास भलत्याच तिजोरीत चालला आहे. ‘केवळ विश्वासाने तारण’ हा सिद्धांत त्या प्रमेयांत अद्याप आलेलाही नाही.

तो सिद्धांत पुढे स्पष्ट झाला तेव्हाही सत्कर्मांची हकालपट्टी झाली नाही. १५२० साली ल्यूथरने सत्कर्मांविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्याच वर्षी ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर जे पुस्तक लिहिले त्याचा गाभा असा आहे की, ज्याला आपले तारण कमावावयाचे नाही, त्याचे हात प्रथमच मोकळे होतात. कारण आजवर तो शेजाऱ्याला जे देत होता ते स्वतःच्या खाती पुण्य जमा व्हावे म्हणून देत होता, आणि आता तो शेजाऱ्याची गरज हे एकच कारण पाहून देऊ शकतो. मला हा विचार संपूर्ण वादातील सर्वांत मौलिक वाटतो, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी सांगितला जाणाराही वाटतो. सॅक्सनीतील लाइस्निग या गावाने १५२३ साली अनाथ, वृद्ध, निर्धन आणि शाळा यांच्या खर्चासाठी सार्वजनिक निधीची नियमावली केली, तेव्हा ल्यूथरने तिला स्वतःची प्रस्तावना जोडून ती प्रसिद्ध केली.

विश्वास असला की आज्ञांचे बंधन उरत नाही, असे म्हणणारा माणूस ल्यूथरच्याच परिवारात निघाला. त्याचे नाव योहान आग्रिकोला, आणि त्याच्याविरुद्ध ल्यूथरने १५३७ पासून जाहीर वादसभा घेतल्या. ल्यूथरच्या मृत्यूनंतर तर त्याचे अनुयायीच दोन टोकांना गेले : गेओर्ग मायोर म्हणू लागला की सत्कर्मे तारणासाठी आवश्यक आहेत, आणि ल्यूथरचा जिवलग स्नेही निकोलाउस फॉन आम्सडॉर्फ म्हणू लागला की ती तारणाला अपायकारक आहेत. १५७७ सालच्या ‘फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड’ने ही दोन्ही विधाने फेटाळली. सत्कर्मांनी तारण विकत घेता येत नाही, परंतु जिवंत विश्वास सत्कर्मांवाचून राहतच नाही, ही ल्यूथरन पंथाची अधिकृत भूमिका तेव्हापासून कायम आहे.

संत पौल आणि संत याकोब यांच्यात विरोध आहे, हाही जुना समज. पौलाच्या इफिसकरांस पत्रातील ‘कर्मांनी नव्हे’ हा आशय वारंवार उद्धृत होतो, पण लगेच पुढील वचनात माणूस सत्कर्मांसाठीच निर्मिलेला असल्याचे पौल सांगतो, ते मात्र गाळले जाते. याकोब ज्या विश्वासाला मृत म्हणतो, तो भुतेही बाळगतात अशी नुसती बौद्धिक मान्यता आहे. पौल ज्याला तारक म्हणतो, तो प्रीतीतून कार्य करणारा विश्वास आहे. ल्यूथरने १५२२ साली याकोबाच्या पत्राला कमी लेखणारे एक कठोर वाक्य प्रस्तावनेत लिहिले खरे. त्याच्या हयातीतच पुढील आवृत्त्यांतून ते गळले.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर पंडिता रमाबाईंचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेऊनही आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उभारूनही, आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला पण प्रत्यक्ष ख्रिस्त लाभला नव्हता, अशी कबुली त्यांनी १९०७ सालच्या साक्षीत दिली. तारण हे स्वतःच्या गुणांवर अवलंबून नसलेले विनामूल्य दान आहे, ही प्रतीती त्यांना बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षांनी आली. त्यानंतर त्यांचे कार्य शिथिल झाले काय? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील गावोगाव फिरून त्यांनी उपासमारीने मरणाऱ्या शेकडो मुली व विधवा आपल्या आश्रयाखाली आणल्या, आणि केडगावची मुक्ती वसाहत वाढली ती याच काळात. कृपेवरील भरवसा माणसाला निष्क्रिय करतो, असे म्हणणाऱ्याने या चरित्राचा खुलासा द्यावा.

हे सर्व पाहिल्यावर प्रश्न उरतो की मग भांडण कशाचे होते? कृपा माणसाला मुख्यत्वे बाहेरून निर्दोष ठरवते की आतून पालटते, नीतिमान ठरलेला माणूस एकाच वेळी पापीही राहतो काय, आणि आपल्या तारणाची निश्चिती त्याला बाळगता येईल काय, या प्रश्नांवर मतभेद खरे आणि गंभीर होते. १५४१ साली रेगेन्सबुर्ग येथे दोन्ही बाजूंच्या पंडितांनी याच विषयावर समान मसुदा तयारही केला होता, परंतु ना रोमने तो स्वीकारला ना ल्यूथरने. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि तारण केवळ कृपेने, आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, आणि तीच कृपा आपल्याला सत्कर्मांसाठी सज्ज करते, हे उभयतांनी एकत्र मान्य केले. सोळाव्या शतकातील परस्परांवरील बहिष्कार त्या जाहीरनाम्यात मांडलेल्या शिकवणीला लागू होत नाहीत, असेही ठरले. २००६ साली मेथडिस्टांनी आणि २०१७ साली रिफॉर्म्ड चर्चांच्या जागतिक संघटनेने त्याला संमती दिली. सह्या होण्यापूर्वी जर्मनीतील शंभराहून अधिक प्रॉटेस्टंट धर्मशास्त्र-प्राध्यापकांनी त्याविरुद्ध निवेदन काढले होते, आणि रोमनेही १९९८ साली काही कलमांवर खुलासे मागितले होते. ‘एकाच वेळी नीतिमान आणि पापी’ या सूत्रावरील चर्चा तर आजही मिटलेली नाही.