मरुभूमीतला चैत्र

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे असे घर आता आमच्या राऊसारख्या गावातही नवलाचे राहिलेले नाही. इंदूर आणि महू यांच्या मध्ये, आग्रा-मुंबई रस्त्यावर वसलेले हे गाव बाहेरच्यांना कचोरीमुळे माहीत असते. पण येथील दोन-चार आळ्यांत हिंडले तर अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांची नावे वाचकांना सहज ऐकावयास मिळतील. निवृत्त आईवडील मुलांकडे जातात, चार-सहा महिने राहतात आणि परत आल्यावर दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे तेथील रस्ते फार स्वच्छ असतात, आणि दुसरी म्हणजे तेथे करमत नाही. २०१७ पासून देशात स्वच्छतेचा पहिला क्रमांक मिळवीत आलेल्या इंदूरच्या परिसरात पहिल्या गोष्टीचे आता कोणास फारसे कौतुक वाटत नाही. दुसरी मात्र विचार करण्याजोगी आहे.

आमच्या शेजारी राहणारे नाना आणि माई २०२३ च्या फाल्गुनात आपल्या मुलाकडे अॅरिझोना राज्यातील टूसॉन या शहरी गेले आणि वैशाख लागता लागता परतले. नाना राज्याच्या पाणीपुरवठा खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. माईंनी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविलेले. त्या दोन महिन्यांची हकीकत प्रस्तुत लेखकाने दोघांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली, आणि माईंनी तेथे ठेवलेली वहीही वाचावयास मिळाली. मुलांकडे जाण्याच्या तयारीत असलेल्या पालकांना तिचा उपयोग होईल, म्हणून त्यांच्या संमतीने, नावे वगळून, येथे लिहीत आहे.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जैसलमेरकडील वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. टूसॉनभोवतीचे सोनोराचे वाळवंट तसे नाही. ते झाडांनी भरलेले आहे. वर्षाकाठी अकरा-बारा इंच पाऊस, म्हणजे आपल्या इंदूरच्या मानाने तिसरा हिस्सासुद्धा नाही. पण तो दोन हप्त्यांत पडतो. एक आषाढ-श्रावणातला गडगडाटी, ज्याला तेथील लोकही मान्सूनच म्हणतात, आणि दुसरा हिवाळ्यातला, हळुवार. माईंनी या दुसऱ्या पावसाला वहीत सरळ ‘मावठा’ असे नाव देऊन टाकले आहे. त्या वर्षी मावठा चांगला झाला होता. त्यामुळे फाल्गुनात डोंगरांच्या उतारांवर नारिंगी आणि जांभळ्या रानफुलांचे गालिचे पसरलेले होते. ओकोटीयो नावाच्या काटेरी काठ्यांच्या टोकांना लाल तुरे आलेले पाहून माईंना विंध्यातला पळस आठवला. चैत्रात पालो वेर्दे हे झाड पिवळ्या फुलांनी झाकून गेले. या झाडाची साल हिरवी असते. पाने गळून गेली तरी ते सालीच्या बळावर आपले अन्न तयार करते. मेस्कीट नावाचे झाड तर नानांनी पाहताक्षणी ओळखले. ते आपल्या शमीच्या जवळच्या कुळातले, आणि आपल्याकडे माळरानांवर बोकाळलेली विलायती बाभूळ ही त्याचीच अमेरिकन बहीण. आपल्या कुंपणांवरचा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिका खंडातला. परमुलखात जाऊन पाहावे तो निम्मे वाळवंट ओळखीचे निघाले!

तरी पहिले पंधरा दिवस कठीणच गेले. मुलगा आणि सून सकाळी कामावर जात, नात शाळेत जाई, आणि मागे उरे ते मोठे घर. गाडी चालविता येत नाही म्हणजे अमेरिकेत पाय मोडल्यासारखेच, हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. टूसॉनपुरते ते तितकेसे खरे ठरले नाही. या शहराने २०२० मध्ये बसचे तिकीट घेणे बंद केले होते आणि २०२३ मध्येही प्रवास विनामूल्यच होता. सुनेने एका रविवारी दोघांना बसने फिरवून आणले, थांबे दाखविले, आणि सोमवारपासून नाना-माई पाण्याची बाटली व दशम्यांचा डबा घेऊन बाहेर पडू लागले. माझ्या मते या सुनेने जे केले ते महागड्या सहलीहून मोलाचे होते.

नानांचे फिरणे अर्थातच पाण्याच्या मागे. ज्यांनी नर्मदेचे पाणी जलूदहून विंध्याचा चढ चढवून सत्तर किलोमीटरवरच्या इंदूरला आणण्याची योजना जवळून पाहिली आहे, त्यांना टूसॉनची कथा परकी वाटणे शक्य नव्हते. इंदूरच्या नागरिकांनी १९७० साली नर्मदेसाठी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये ते पाणी शहरात आले. तोवर होळकरांच्या काळातील यशवंतसागर आणि बिलावली यांच्यावर भिस्त होती. टूसॉन त्याच सुमारास भूगर्भातील पाणी उपसून जगत होते, आणि त्या उपशापायी सांताक्रूझ ही त्याची नदी कोरडी पडली होती. उपाय म्हणून कोलोरॅडो नदीचे पाणी आणावयाचे ठरले. १९७३ मध्ये काम सुरू झाले आणि १९९३ च्या सुमारास पुरे झाले. कालव्याची लांबी ३३६ मैल, आणि वाटेत पाणी सुमारे २,९०० फूट वर उचलावे लागते. नाना हे आकडे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो.

पुढचा भाग अधिक रंजक आहे. १९९२ मध्ये हे नवे पाणी जुन्या नळांत सोडताच नळांतील गंज सुटून घराघरांत तांबडे पाणी येऊ लागले. लोक चिडले आणि दोन वर्षांत ते पाणी थेट देणे बंद करावे लागले. मग शहराने निराळी तोड काढली. कालव्याचे पाणी पश्चिमेकडील आव्रा खोऱ्यात उघड्या तळ्यांत सोडायचे, जमिनीत मुरू द्यायचे, आणि भूजलात मिसळल्यावर पुन्हा उपसून पुरवायचे. २००१ पासून ही व्यवस्था चालू झाली. त्याखेरीज काही वस्त्यांत रस्त्याच्या कडेचा दगडी काठ ठिकठिकाणी कापून पावसाचे वाहते पाणी झाडांच्या आळ्यांत वळविलेले आहे. नानांनी असे कापलेले काठ मोजीत एक अख्खी सकाळ घालविली. तिसरा हिस्सा पाऊस असलेले शहर पाणी मुरविते आणि आपण पावसाळ्यातले पाणी गटारात सोडून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो, यावर त्यांनी परत आल्यावर आमच्या शाळेत मुलांसमोर जे भाषण केले ते जरा लांबले. परंतु शाळेच्या छपराचे पाणी आता मागच्या चिंचेच्या आळ्यात जाते, एवढे कबूल केले पाहिजे.

माईंचे मन मात्र सवारोवर बसले. हा चाळीस-चाळीस फूट वाढणारा, हात वर केलेल्या माणसासारखा दिसणारा निवडुंग. त्याच्या अंगाला उभ्या चुण्या असतात आणि पाऊस पडला की हार्मोनियमच्या भात्याप्रमाणे तो फुगतो. पहिले फूल यायला पस्तीसेक वर्षे लागतात, पहिला हात फुटायला पन्नास ते पंचाहत्तर, आणि आयुष्य दीडशे वर्षांहून अधिक. त्याच्यासाठी १९३३ मध्ये राखीव केलेल्या वनाला १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथील वनरक्षकाने, नातीने मराठीत करून दिलेल्या भाषांतराच्या द्वारे, माईंना एक गोष्ट सांगितली. सवारोचे रोप उघड्यावर जगत नाही. पालो वेर्दे किंवा मेस्कीट यांच्या सावलीत पडलेले बी तेवढे तगते; ते झाड ऊन आणि थंडी अंगावर घेऊन त्याला वाढविते. म्हणून त्याला दाईचे झाड म्हणतात. पुढे सवारो मोठा झाला की त्याची उथळ, दूरवर पसरलेली मुळे आसपासचे पाणी ओढून घेतात, आणि कित्येकदा दाईचे झाड वाळून जाते. वहीत याखाली माईंनी लिहिले आहे: ‘हे घरी कोणापाशी बोलले नाही.’

ते न बोलण्याला कारण होते. त्याच आठवड्यात मुलाने विषय काढला होता. तो आता अमेरिकेचा नागरिक आहे. आईवडिलांसाठी कायम वास्तव्याचा अर्ज करता येईल, येथेच राहा, असे त्याचे म्हणणे. माईंचा जीव नातीत गुंतलेला. ती त्यांच्याकडून ‘क’ आणि ‘फ’ यांतला फरक शिकत होती, आणि ही मुलगी मराठी बोलेल ती आपल्यामुळेच, हे माईंना दिसत होते. नानांचे उत्तर एका शब्दाचे होते, आणि तो शब्द सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे चार दिवस घरात बेताचेच बोलणे झाले.

या प्रश्नात भावनेखेरीज व्यवहारही आहे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही. पाहुणा म्हणून गेले तर साधारणतः सहा महिने राहता येते. कायम वास्तव्याची परवानगी घेतली तर तेथेच राहणे अपेक्षित असते. वर्षाहून अधिक काळ बाहेर काढला तर ती परवानगी धोक्यात येते. पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्यात पैसे भरून शिरावयाचे तरी आधी पाच वर्षे सलग वास्तव्य लागते. तोवर खासगी विमा, आणि त्याचा हप्ता मुलाच्या पगारातून. मुलाच्या मनात काळजी होती ती वडिलांच्या हृदयाची; नानांच्या मनात होती ती मुलाच्या खिशाची. दोघेही एकमेकांना ते सांगत नव्हते. अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी होळकरांच्या मागोमाग आपले पूर्वज माळव्यात आले तेव्हा मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे काय झाले, हे कोणत्याही बखरीत नाही. आपण गेलेल्यांचे वंशज. मागे राहणाऱ्यांची बाजू आपल्याला आता कळू लागली आहे.

गुढीपाडवा त्या वर्षी २२ मार्चला, बुधवारी आला; घरात तो रविवारी साजरा झाला. गुढीला काठी म्हणून माईंना सवारोच्या वाळक्या खोडाची लांब फळी फार आवडली होती. पण तेथील कायद्याने निवडुंगांना संरक्षण आहे आणि रानातली वाळकी फांदीही उचलता येत नाही. अखेर पडद्याच्या दांडीला गुढी बांधली. कडुलिंबाऐवजी मेथीदाणे गुळात कुटून दिले. नातीने ते थुंकून टाकले.

शेजारी मिनेसोटा राज्यातील एक वृद्ध जोडपे भाड्याने राहत होते. उत्तरेकडील बर्फ टाळण्यासाठी कार्तिकात येणारे आणि चैत्रात परतणारे असे निवृत्त लोक अॅरिझोनात पुष्कळ. त्यांना तेथे ‘हिमपक्षी’ म्हणतात. दोन घरे, दोन ऋतू, आणि कोणतेच घर सोडलेले नाही. नाना या जोडप्याशी मोडक्या-तोडक्या इंग्रजीत पाण्याविषयी बोलत. कोलोरॅडोचे पाणी कमी झाल्याने २०२१ मध्ये प्रथमच टंचाई जाहीर झाली आणि २०२२ पासून अॅरिझोनाच्या वाट्यातील जवळजवळ पाचवा हिस्सा कापला गेला, हे नानांना त्यांच्याकडूनच कळले. पण त्या गप्पांतून नानांनी उचलले ते निराळेच. ‘आपणही पक्ष्यांसारखे येऊ,’ असे त्यांनी एके रात्री जेवताना सांगितले. मुलगा काही बोलला नाही. त्याने अर्जाचे कागद परत खणात ठेवले.

आपल्याकडचे बहुतेक पालक मे-जूनमध्ये जातात, कारण तेव्हा नातवंडांना सुट्टी असते. टूसॉनला त्या वेळी कडक ऊन असते आणि दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. न करमण्याच्या तक्रारींत या वेळापत्रकाचा वाटा मोठा असावा असे मला वाटते. जेथे जावयाचे तेथील ऋतू पाहून जावे, आणि शक्य तर आपल्या आयुष्यभराच्या कामाचा एखादा धागा तेथे सापडतो का ते शोधावे. सुताराने तेथील लाकूड पाहावे, शिक्षकाने तेथील शाळा पाहावी. मुलांचे घर सांभाळणे हे काम आहेच, पण केवळ तेवढ्यासाठी समुद्र ओलांडला तर घराच्या भिंतीच दिसतात.

येत्या फाल्गुनातली तिकिटे निघाली आहेत. परतीच्या तारखेवरून पुन्हा वाद झाला. नानांना एप्रिलअखेर यावयाचे होते, माईंना मेअखेर. सवारोची पांढरी फुले रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. त्यांचा बहर एप्रिलच्या शेवटी सुरू होतो, आणि मागल्या खेपेस माईंना तो डोळाभर पाहता आला नव्हता. तेवढे कारण पुढे करून त्यांनी मेच्या मध्यापर्यंतची तारीख मिळविली आहे.