एक लाख तीस हजारांचा फोन: घ्यावा की थांबावे?

७ फेब्रुवारी २०२५ पासून सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा दुकानांत विकायला आला. त्यानंतरच्या रविवारी शीळफाट्यावरच्या आमच्या अभ्यासिकेत एक तरुण दुकानाचे पत्रक घेऊन आला. महापेच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, हातात पगार साधारण २४ हजार. धाकटी बहीण बारावीला, तिला यंदा नर्सिंगला घालायचे आहे. पत्रक टेबलावर ठेवून त्याने विचारले, "दादा, महिन्याला साडेपाच हजारसुद्धा नाही पडत. चोवीस महिने, नो कॉस्ट. घेऊ का?"

आम्ही लगेच 'नको' म्हटले नाही. 'नको' म्हणायला काही लागत नाही, आणि ऐकणारा दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन येतो. शिवाय फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, डिजिलॉकरमधली कागदपत्रे, यूपीआय, एमपीएससीचे व्हिडिओ, सगळे त्यातच. कल्याण-शीळ रस्त्यावर संध्याकाळी अडकलेल्या बसमध्ये माणसाला सोबत असते ती फोनचीच. (बीकेसीहून निघणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा आमच्याच शीळफाट्याला बाहेर येणार आहे म्हणे. तोवर महापेला जाणाऱ्यांना शेअर रिक्षा आहेच.) तेव्हा फोन हवा की नको हा वाद नाही. कोणता हवा आणि तो खरोखर केवढ्याला पडतो, एवढेच पाहायचे आहे.

त्याआधी एक गोष्ट. "पगार केवढा आणि फोन केवढा" असे हिणवणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. ज्यांच्या घरात कोणी कधी कपड्यांवरून, भाषेवरून, पत्त्यावरून जोखले गेले नाही, त्यांना हे बोलणे सोपे जाते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि ओळख पटवून देणारे जुने दागिने सोडायला सांगितले होते. माणूस कसा दिसतो यावरून त्याला कसे वागवले जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही व्हेब्लेन शिकलो. त्याने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली, ती मुख्यतः रिकामपण मिरवणाऱ्या श्रीमंतांची होती. आमच्या या तरुणाचे कारण वेगळे आहे. ऑफिसातल्या मीटिंगला टेबलावर सगळ्यांचे फोन पडलेले असतात आणि याची काच फुटलेली असते. ते दुखणे खरे आहे. त्यावर एक लाख तीस हजारांचे औषध लागते का, हे मात्र तपासायला हवे.

आता फोनकडे. बारा जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण असलेल्या एस२५ अल्ट्राची भारतातली किंमत तेव्हा १,२९,९९९ रुपये होती. ६.९ इंचांचा स्क्रीन, टायटॅनियमची चौकट, स्नॅपड्रॅगन ८ एलीट प्रोसेसर, २०० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा. हातात घेतला की छान वाटतो, यात वाद नाही. पण २०२४ मध्ये याच किमतीला आलेला एस२४ अल्ट्रा शेजारी ठेवून पाहा. बॅटरी तेव्हाही ५००० एमएएच होती, आताही तेवढीच. चार्जिंग तेव्हाही ४५ वॉट, आताही ४५ वॉट. डब्यात चार्जर तेव्हाही नव्हता, आताही नाही. मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचाच. बदलले काय, तर प्रोसेसर बराच वेगवान झाला, वजन २३२ ग्रॅमवरून २१८ वर आले, रुंद कोनाचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा ५० झाला आणि कोपरे गोलसर झाले. एस पेनमधले ब्लूटूथ तर काढूनच टाकले. पूर्वी फोन लांब ठेवून पेनचे बटण दाबून फोटो काढता यायचा, ते आता होत नाही. नव्या फोनमध्ये जुन्यापेक्षा काही कमी मिळावे, याची जाहिरात अर्थातच कोणी करत नाही.

या फोनची सर्वात भक्कम बाजू म्हणजे सात वर्षे अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षेचे अपडेट देण्याचे कंपनीचे वचन. हे महत्त्वाचे आहे. अपडेट थांबलेल्या फोनवर काही वर्षांनी बँकांची अॅप चालेनाशी होतात, आणि सुरक्षेच्या फटी बुजत नाहीत त्या वेगळ्याच. तरुणाचाही हाच मुद्दा होता: "एकदाच घेतो, सात वर्षे बघायला नको." हिशेब करू. १,२९,९९९ भागिले सात म्हणजे वर्षाला सुमारे १८,५७० रुपये. याच कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये गॅलेक्सी ए१६ ५जी आणला, ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण, किंमत १८,९९९ रुपये. त्याला सहा वर्षे अपडेट आहेत. म्हणजे अल्ट्राच्या एका वर्षाच्या खर्चात जवळपास एक अख्खा ए१६ येतो, आणि तो सहा वर्षे अपडेट घेत राहतो. ए१६ चा कॅमेरा अंधारात मार खातो, पाचसहा अॅप एकदम उघडली की तो दमतो, काच साधी आहे. हे सगळे खरे. पण 'जास्त वर्षे टिकतो' हे महाग फोन घेण्याचे कारण आता पूर्वीइतके भक्कम उरलेले नाही. बॅटरी तर दोघांचीही सात वर्षे तशीच राहणार नाही. रोज चार्ज होणारी बॅटरी तीनचार वर्षांत बदलावी लागते, मग फोन कितीचाही असो.

पत्रकावर सर्वात मोठ्या अक्षरांत काय होते? एआय. फोनवर बोलताबोलता भाषांतर, लांबलचक मजकुराचा सारांश, फोटोतला नको असलेला माणूस गायब करणे. सॅमसंगच्या या सोयींत हिंदी आहे, मराठी नाही. आणि त्या फुकट मिळण्याची हमी कंपनीने तेव्हा २०२५ अखेरपर्यंतच दिली होती. पुढे पैसे पडतील की नाही, हे तेव्हा घेणाऱ्याला ठाऊक नव्हते. उलट गुगलचे जेमिनी अॅप जून २०२४ पासून मराठीत प्रश्न घेते आणि मराठीत उत्तर देते, तेही साध्या अँड्रॉइड फोनवर. मराठी शाळेत शिकलेल्या बहिणीला शरीरशास्त्राचा धडा समजून घ्यायचा असेल तर तो घरातल्या आताच्या फोनवरही घेता येईल. (उत्तर पुस्तकाशी ताडून पाहायचे, हे आम्ही अभ्यासिकेतल्या प्रत्येकाला सांगतो.)

मग हा फोन कोणासाठी आहे? तरुणासोबत त्याचा एक मित्र आला होता. तो हळदी, लग्ने आणि जयंतीच्या मिरवणुकांचे व्हिडिओ करतो. एप्रिलच्या ऑर्डर आतापासून घेतो आहे. त्याच्यासाठी गणित निराळे. गर्दीत मागे सरकायला जागा नसते तेव्हा रुंद कोनाचा चांगला कॅमेरा कामाला येतो, स्टेज लांब असेल तर पाचपट झूम. नंतर रंगकाम करता यावे म्हणून लॉग पद्धतीने चित्रीकरणाची सोय यात नव्याने आली आहे. मेमरी कार्डाची जागा मात्र नाही, त्यामुळे २५६ जीबी भरायला एक लग्नसराई पुरे. त्यालाही आम्ही आधी गेल्या वर्षीचा अल्ट्रा कुठे उतरलेल्या किमतीत मिळतो का, ते बघायला सांगितले. जो फोन स्वतःचा हप्ता स्वतः कमावून देतो, तो घ्यायला आमची ना नाही. ज्यांना फक्त वेगवान आणि नीटनेटका फोन हवा त्यांच्यासाठी मधला पर्यायही होता. जानेवारी २०२५ मध्ये आलेला वनप्लस १३ हा तेव्हा ६९,९९९ रुपयांना मिळत होता, बॅटरी ६००० एमएएच आणि १०० वॉटचा चार्जर डब्यातच. चोवीस हजार पगारात तोही महागच, पण अल्ट्राच्या जवळपास निम्म्यात होता.

आता पत्रकावरच्या त्या दोन शब्दांकडे येऊ: नो कॉस्ट. १,२९,९९९ भागिले २४ म्हणजे ५,४१७ रुपये महिना. व्याज शून्य. खरेच शून्य? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज नावाची गोष्ट अस्तित्वात नसते. तेव्हापासून योजना शब्द बदलून चालते. क्रेडिट कार्डावर घेताना व्याज लावले जातेच, फक्त तेवढी सूट आधी किमतीतून वजा दाखवतात. बँकेचा दर १५ टक्के धरला तर चोवीस हप्त्यांत साधारण १८,३०० रुपये व्याजाचे असतात. म्हणजे फोन मुळात १,११,७०० च्या आसपास दाखवला आणि वरचे व्याज मिळून पुन्हा १,२९,९९९ झाले. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, सुमारे ३,३०० रुपये, आणि तो आपल्याच खिशातून जातो. प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. व्याजाइतकी सूट देणे दुकानदाराला किंवा कंपनीला परवडत असेल, तर रोखीने घेणाऱ्याने तीच सूट मागायला काय हरकत आहे? मिळेलच असे नाही, पण मागावी.

कार्ड नसेल तर दुकानात बसलेला फायनान्स कंपनीचा माणूस दहा मिनिटांत कर्ज करून देतो. इथे एक हत्यार आपल्या हातात आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी अशा कर्जाआधी ग्राहकाला कर्जाच्या मुख्य तपशिलांचे पत्रक द्यायचे आहे, ज्याला केएफएस म्हणतात. सगळे आकार धरून वर्षाला खरा दर किती टक्के पडतो, फी किती, विमा घातला असेल तर त्याचे किती, हप्ता चुकला तर दंड किती, हे त्यात आले पाहिजे. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असले पाहिजे, म्हणजे मराठीत मागता येते. आणि सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी त्यातल्या अटी किमान तीन कामाचे दिवस कायम राहतात. "ऑफर आजच संपते" असे कोणी म्हटले तर ते पत्रक घरी न्यायचे, घरच्यांसमोर वाचायचे. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांना हा नियम लागू नाही, हेही लक्षात असू द्या.

या तरुणाच्या बाबतीत खरी अडचण फोनच्या किमतीपेक्षा पुढे होती. ५,४१७ हा त्याच्या पगाराचा पाचव्या हिश्शाहून मोठा भाग. घरभाडे, वडिलांचे औषध आणि प्रवास गेल्यावर उरते त्यातून हा हप्ता दोन वर्षे निघायचा. एखाद्या महिन्यात ओव्हरटाइम नसला की हप्ता परत जातो. मग बँकेचा दंड, कर्ज देणाऱ्याचा दंड आणि सिबिलमध्ये नोंद. सिबिलचा गुण ३०० ते ९०० मध्ये असतो, तो असा खाली येतो आणि वर यायला फार वेळ घेतो. बहिणीला नर्सिंगसाठी शैक्षणिक कर्ज लागले तर बँक सहकर्जदार मागणार. त्या घरात पगाराची स्लिप फक्त याच्याकडे आहे. म्हणजे बँक याचेच सिबिल पाहणार आणि याच्यावर आधी किती हप्ते चालू आहेत तेही मोजणार. हे आम्ही सांगितले तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. फोनचे कर्ज आणि बहिणीचे कर्ज एकाच कागदावर भेटतील, हे त्याच्या डोक्यात आलेच नव्हते. खरे तर आमच्याही ते बोलता बोलताच ध्यानात आले.

फोन चोरीला गेला तर, हा प्रश्न मात्र त्यानेच काढला. दिवा-मुंब्रा पट्ट्यात दाराशी उभे राहणाऱ्याला फटका गँग काय ते सांगावे लागत नाही. फोन जातो, हप्ते राहतात. चोरी झाली तर पोलीस तक्रार करून संचार साथी पोर्टलवर आयएमईआय नंबर देऊन फोन ब्लॉक करता येतो. जानेवारी २०२५ पासून त्याचे अॅपही आले आहे. जुना फोन विकत घेणाऱ्यांनी *#०६# दाबून आयएमईआय काढावा आणि तिथेच तपासावा. ब्लॉक झालेला किंवा नकली निघाला तर व्यवहार तिथेच सोडावा. बिल नसलेला अल्ट्रा अर्ध्या किमतीत देणारा माणूस आपला हितचिंतक नसतो.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. मधल्या काळात दुकानात जाऊन त्याने केएफएस मागितले होते. आधी "असे काही नसते" म्हणाले, मग मॅनेजरने छापून दिले. त्यात प्रोसेसिंग फी होती आणि एका विम्याचे पैसे होते, जे पत्रकावर कुठेच नव्हते. कागद त्याने आमच्यासमोर उलगडला आणि अभ्यासिकेतल्या इतर मुलांनीही तो वाचला. एकाने त्याचा फोटो काढून ठेवला.

जुन्या फोनची काच आणि बॅटरी त्याने बदलून घेतली आहे. अल्ट्राचे पत्रक मात्र अजून पाकिटात आहे. दिवाळीत किंमत उतरली की पुन्हा विचारायला येईन, म्हणाला. तोवर बहिणीचा प्रवेश झालेला असेल. आम्ही म्हटले, ये.