पिकअप उंच करण्याआधी

कांदा, भाजीपाला, दूध, खताच्या गोण्या आणि वेळप्रसंगी आजारी माणूससुद्धा ज्या गाडीतून न्यावा लागतो, ती पिकअप आता पुष्कळ गावांत दिसते. गाडी बनते डांबरी रस्त्यासाठी, पण माल भरायचा असतो बांधावर. पावसाळ्यात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या, मधला वरंबा, ओढ्यातले दगड, यांवरून जाताना गाडी खालून घासते. मग कुणीतरी सल्ला देतो, "मागं एक-दोन पाटे वाढव, नाहीतर ठोकळे टाक. गाडी चार बोटं वर येईल." शहरात याचं तयार सामान मिळतं. त्याला लिफ्ट किट म्हणतात. त्यात जादा पाटे, लांब शॅकल, ॲक्सल आणि पाट्यांच्या मधे घालायचे लोखंडी ठोकळे आणि लांब यू-बोल्ट असतात.

हे सामान आणण्याआधी गाडी नक्की कुठे घासते ते बघा. खाली गोणपाट टाका, आडवे व्हा आणि ओरखडे शोधा. ओरखडे सायलेन्सरवर, डिझेलच्या टाकीवर किंवा चॅसीवर असतील तर गाडी उंच केल्याने फरक पडेल. पण मागच्या ॲक्सलच्या मधला तो भोपळ्यासारखा गोळा, म्हणजे हाउसिंग, घासत असेल तर पाटे वाढवून काडीचाही उपयोग नाही. कारण ॲक्सल चाकाला जोडलेला आहे. पाटे वाढवले की चॅसी आणि हौदा वर जातो, हाउसिंग आहे तिथंच राहतं. ते फक्त मोठ्या टायरने वर येतं. पुष्कळांचे पैसे इथंच वाया जातात. अशा वेळी मधला वरंबा फावड्याने छाटणं आणि चाकोरीत मुरूम टाकणं जास्त स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट कागदाची. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीच्या पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, आणि परवानगी नसलेल्या फेरफाराला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. तेव्हा काम काढण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीत विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी "चालतंय की" अपघातानंतर कामाला येत नाही. गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही विचारलेलं बरं. आणि पाटे वाढवले म्हणजे जादा माल भरायची मुभा मिळाली असं समजू नका. पुस्तकात लिहिलेलं वजन तेच राहतं, ब्रेकही तेच आणि टायरही तेच.

आता मोजमाप. सपाट फरशीवर किंवा पेट्रोलपंपाच्या काँक्रीटवर रिकामी गाडी उभी करा, चारी टायरात ठरलेली हवा भरा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत, मागे हौद्याच्या कडेपर्यंत टेपने मोजा आणि चारही आकडे वहीत लिहा. डावी-उजवी बाजू जवळपास सारखी यायला हवी. एक बाजू बोटभर खाली असेल तर त्या बाजूचा पाटा तुटला आहे किंवा बसला आहे. माझ्या अनुभवात "गाडी उंच करायची आहे" म्हणून येणाऱ्या गाड्यांतल्या बऱ्याच गाड्या मुळात बसलेल्या असतात. त्यांना उंच नाही, होती तशी करायची गरज असते. कंपनीच्या मापाचा नवा संच बसवला की गाडी आपल्या जागेवर येते, आणि त्यात कायद्याचा प्रश्नच उरत नाही. बसलेला पाटा भट्टीत लाल करून वाकवून देणारे भेटतात. त्या पोलादाचं पाणी नीट चढवलं नाही तर पाटा दोन महिन्यांत परत बसतो, नाहीतर ऐन भारात तुटतो. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग तर कधीच करू नये.

परवानगी मिळाली आणि काम करायचंच ठरलं, तर तयारी आठ दिवस आधी सुरू करा. गाडी खालून पाण्याच्या जोराने धुवा. चिखलाखाली गंज, चिरा आणि ऑईलची गळती लपलेली असते. यू-बोल्टच्या नटांवर आणि शॅकलच्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल दोन दिवस सकाळ-संध्याकाळ सोडा. नाहीतर ऐन वेळी बोल्ट तुटतो आणि गाडी भर सुगीत घोडीवर अडकते. जुने यू-बोल्ट परत वापरू नका. एकदा ताणून आवळलेल्या बोल्टची आटी पुन्हा तशी पकड देत नाही. सेंटर बोल्ट आणि बुशही नवीनच आणा. ठोकळा घ्यायचा तर एका बाजूला एकच, भरीव आणि आपल्याच गाडीच्या मापाचा. ठोकळ्यावर ठोकळा रचू नये, आणि पुढच्या ॲक्सलला ठोकळा अजिबात नको. ब्रेक मारताना पुढे सगळा जोर येतो आणि ठोकळा सटकू शकतो. लाकडाचा ठोकळा टाकणारेही मी पाहिले आहेत. त्यावर काय बोलावं!

पाट्यांइतकंच लक्ष ब्रेककडे द्या. चॅसीवरून ॲक्सलकडे जाणारा रबरी होज पाइप मोजून-मापून लांब असतो. आमच्या घरच्या गाडीचे पाटे वाढवले तेव्हा जॅक खाली घेताना चुलते ओरडले, "अरे, नळी बघ!" होज तारेसारखा ताणला होता. रस्त्यावर एका खड्ड्यात तो तुटला असता तर मागे बसलेली चार माणसं आणि टोमॅटोची क्रेटं कुठे गेली असती, ते आजही आठवावंसं वाटत नाही. त्याशिवाय अनेक पिकअपला मागे एक वॉल्व्ह असतो, त्याची काडी ॲक्सलला जोडलेली असते. चॅसी आणि ॲक्सलमधलं अंतर बघून तो भाराचा अंदाज घेतो. गाडी वर उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीतही तो मागच्या चाकांचा ब्रेक कमी करतो. ती काडी जाणकाराकडून जुळवून घ्यावीच लागते. हँडब्रेकची केबल आणि शॉकअपची लांबीही पुरते का ते बघा. जॉईंट शाफ्टचा कोन बदलला तर चालत्या गाडीत थरथर येते आणि क्रॉस लवकर जातो.

कामाच्या दिवशी मातीच्या अंगणात जॅक लावू नका, तो खचतो. कठीण, सपाट जागा घ्या. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण्या लावा आणि चॅसीखाली मजबूत घोड्या द्या. विटा, दगड किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर खाली जाऊ नका. वीट तडकण्याआधी आवाज देत नाही. सोबत एक माणूस ठेवा, लहान मुलं लांब ठेवा. दोन्ही बाजू एकदम न सोडता एक बाजू पुरी करून मग दुसरी धरा. शॅकलचे बोल्ट आधी हातापुरते आवळा, गाडी चाकांवर उतरल्यावर मग पूर्ण आवळा. अधांतरी आवळले तर बुश पिळले जाऊन फाटतात.

उंच गाडी वळणावर आणि कॅनॉलच्या उतारावर लवकर कलंडते, हे चारा किंवा उसाचं वाढं वरपर्यंत रचणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावं. पहिल्या दिवशी गाडी रिकामी चालवा, मोकळ्या जागेत ब्रेक मारून बघा, मग निम्मा भार घ्या. शे-दीडशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, कारण नवे पाटे एकमेकांवर बसले की ते सैल पडतात. मागची बाजू वर आली की हेडलाइटचा झोत खाली जातो. म्हणून काम करण्याआधीच रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून झोताच्या उंचीवर खडूची रेघ ओढून ठेवा आणि नंतर तिथंच उभी करून झोत जुळवा. वहीतले चार आकडे मात्र पुसू नका. सुगी संपल्यावर त्याच फरशीवर गाडी परत मोजायची आहे.