कोणता खेळ खेळतोस?

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाकडून लेख मागवला की तो लसीकरणावर, वाढीच्या तक्त्यांवर किंवा परीक्षेच्या ताणावर येणार, अशी संपादकांची रास्त अपेक्षा असते. या वर्षी मी व्हिडिओ गेमवर लिहितो असे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "उत्तम! दुष्परिणामांवर ना?" मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. ज्या घटनेमुळे हा लेख लिहावासा वाटला, तिच्यात एक दुष्परिणाम होता खरा. पण तो खेळाचा नव्हता, माझ्या सल्ल्याचा होता.

तीनेक वर्षांपूर्वी फ्रीगंजमधील माझ्या दवाखान्यात एका दहा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे आईवडील आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तक्रार पोटदुखीची. बेंबीभोवती दुखायचे, झोप नीट नव्हती, जेवण कमी झाले होते. वजन ठीक, पोट मऊ, सोनोग्राफी आणि रक्त-लघवीच्या तपासण्या निर्दोष. अशी पोटदुखी आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओपीडीत आठवड्याला दोनदा तरी येते. शाळेत कोणी त्रास देते का, घरी कोणी रागावते का, हे नेहमीचे प्रश्न मी विचारले. मुलगा खाली मान घालून बसला होता. काहीतरी बोलावे म्हणून मी विचारले, "बरं, मोबाईलवर कोणता खेळ खेळतोस?"

तो म्हणाला, "खेळायचो, काका."

खेळ होता माइनक्राफ्ट. ज्यांना परिचय नसेल त्यांच्यासाठी सांगतो : हा मूळचा स्वीडनमधला खेळ, 2011 साली पूर्ण रूपात बाजारात आला आणि 2023 पर्यंत त्याच्या 30 कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्यात जिंकायचे असे फारसे काही नसते. माती, दगड, लाकडाचे चौकोनी ठोकळे खणून काढायचे आणि त्यांतून हवे ते उभारायचे. या मुलाने उभारला होता आपल्या आजोबांचा वाडा. गोपाळ मंदिराच्या मागच्या गल्लीतला तो वाडा आजोबा गेल्यानंतर वर्षभरात विकला गेला आणि पाडलाही गेला. नातवाने तो आठवणीतून, एकेक ठोकळा रचत, सहा महिन्यांत पुन्हा बांधला : चौक, विहीर, अरुंद जिना आणि वरची आजोबांची खोली.

"मग आता का खेळत नाहीस?"

"बाबांनी गेम काढून टाकला. त्याबरोबर वाडाही गेला."

"का काढला?"

मुलाने उत्तर दिले नाही, माझ्याकडे पाहिले. वडिलांनी संकोचाने जुना केस पेपर पुढे केला. दीड महिन्यापूर्वी खोकल्यासाठी आले असताना आईने सहज मोबाईलची तक्रार केली होती, आणि औषधांच्या खाली माझ्याच अक्षरात एक ओळ होती : मोबाईलवरील सर्व गेम काढून टाकावेत.

ही ओळ मी तोवर किती केस पेपरांवर लिहिली असेल याची गणती नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचना आपल्याला पाठ आहेत : दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच वर्षे दिवसाला एक तासापर्यंत, पाच ते दहा वर्षे दोन तासांहून कमी. त्या योग्य आहेत आणि मी आजही सांगतो. पण त्यांच्यामुळे मला 'किती वेळ' एवढेच विचारण्याची सवय लागली. 'कोणता' आणि 'त्यात काय करतोस' हे मी कधी विचारले नव्हते. मूल पुस्तक वाचते म्हटल्यावर आपण पुस्तकाचे नाव विचारतो. खेळाच्या बाबतीत मात्र घड्याळ पाहतो.

वास्तविक मला हे कळायला हवे होते. इंदूरला एमबीबीएस करीत असताना सुटीत उज्जैनला आलो की टॉवर चौकाजवळ एका मित्राच्या संगणक वर्गात रात्री 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळायला मिळत असे. जॉर्डन मेकनर या तरुणाने 1989 साली हा खेळ केला होता. आपल्या धाकट्या भावाला धावता-उड्या मारताना चित्रित करून त्यावरून त्याने राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या होत्या. त्या काळच्या इतर ठोकळेबाज खेळांत हा एकटा माणसासारखा पडायचा. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोहोचायचे असते. वाटेत एका आरशातून उडी मारावी लागते आणि त्यातून राजपुत्राची सावली निघून पळते. पुढे तीच सावली आपली वाट अडवते. शेवटी ती तलवार घेऊन समोर उभी राहते, तेव्हा तिच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. मी आठ-दहा रात्री तिच्याशी लढून मेलो. तलवार म्यान करून तिच्याकडे चालत गेले की ती आपल्यात विरून जाते, हे ज्या रात्री हाताला सापडले, ती रात्र मला एमडीच्या निकालाइतकी स्पष्ट आठवते. ही गोष्ट पुस्तकात वाचली असती तर 'रूपक बरे आहे' म्हणून पान उलटले असते. येथे वार करणारा मी होतो आणि थांबणाराही मीच होतो.

खेळाचा ठसा मनाच्या किती खोल थरात उमटतो, याचा एक सुंदर पुरावा आपल्या शास्त्रात आहे. 'टेट्रिस' हा पडत्या ठोकळ्यांचा खेळ अलेक्सी पाजित्नोव यांनी 1984 साली मॉस्कोत तयार केला. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी 27 जणांना तो काही दिवस खेळायला लावला आणि 2000 साली 'सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले. झोप लागता लागता अनेकांना ठोकळे पडताना दिसत होते. यात नवल नाही. नवल पुढे आहे : त्यांच्यात पाच रुग्ण गंभीर स्मृतिभ्रंशाचे होते. आपण हा खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हते, तरीही पाचांपैकी तिघांना डोळे मिटताना ठोकळे दिसले. खेळाची आठवण पुसली गेली होती, ठसा मात्र शिल्लक होता.

हाच ठसा उपचारासाठीही वापरून पाहिला गेला आहे. ऑक्सफर्डमधील एका रुग्णालयाच्या अपघात विभागात आलेल्या 71 वाहन-अपघातग्रस्तांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींना सहा तासांच्या आत, अपघाताचे चित्र मनात आणायला सांगून, टेट्रिस खेळायला दिले. पुढच्या आठवड्यात अपघाताची दृश्ये अवचित मनात घुसण्याचे प्रमाण त्यांच्यात इतरांहून कमी होते. एवढ्यावरून कोणी औषधचिठ्ठीवर टेट्रिस लिहू नये. पण या क्षेत्राकडे नाक मुरडणेही बरे नव्हे.

ठशाची दुसरी बाजूही आहे, आणि ती पाहायला उज्जैनच्या बाहेर जाण्याचे कारण नाही. शूद्रकाचे 'मृच्छकटिक' आपल्याच उज्जयिनीत घडते. त्यातला संवाहक द्यूतात दहा सुवर्णमुद्रा हरतो, उलट्या पावलांनी एका रिकाम्या देवळात शिरतो आणि मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे दोघे हुशार; ते तिथेच बसून खेळू लागतात. फाशांचा आवाज कानी पडताच मूर्तीला राहवत नाही, आणि संवाहक आपला डाव मागत खाली उतरतो! व्यसनाचे याहून नेमके वर्णन मी मानसोपचाराच्या ग्रंथात वाचलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात, 'गेमिंग डिसऑर्डर' आली. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सारे दुय्यम होणे, नुकसान दिसूनही खेळत राहणे, आणि हे साधारण वर्षभर टिकणे, ही तिची लक्षणे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्याचे मी स्वागतच करतो. मात्र वाडा बांधणारा मुलगा आणि संवाहक यांना मी एकाच ओळीने एकच औषध दिले होते.

त्या पोटदुखीनंतर मी पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मुलीला विचारले, तुझ्या मनात राहिलेला खेळ कोणता? तिने दोन सांगितले. एक पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 2020 सालचा 'राजी'. सर्कशीतली एक मुलगी हरवलेल्या धाकट्या भावाला शोधत असुरांशी लढते आणि दुर्गा-विष्णू तिची कथा सांगतात. शेवट मला घाईचा वाटला. पण महाल आणि तळी पाहत राहावीत अशी आहेत.

दुसरा खेळ तिने माझ्या शेजारी बसून मला खेळायला लावला. 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'. अमेरिकेतील रायन आणि एमी ग्रीन या दांपत्याच्या जोएल या मुलाला वयाच्या पहिल्या वर्षाच्या सुमारास मेंदूचा अत्यंत आक्रमक ट्यूमर निघाला. पाच वर्षांचा असताना, मार्च 2014 मध्ये तो गेला. त्याच्या आजारपणातच आईवडिलांनी हा खेळ करायला घेतला होता. तो जानेवारी 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका रात्री रुग्णालयाच्या खोलीत जोएल रडत असतो आणि आपण बाप असतो. सवयीने मी सगळीकडे क्लिक करीत राहिलो. काहीतरी उपाय असणारच. नव्हता. रडणे थांबत नाही. त्याआधी एक प्रसंग आहे : डॉक्टर आईवडिलांना समोर बसवून सांगतात की आता उपचार उरलेला नाही. डॉक्टर सौम्य आहेत, शब्द बरोबर आहेत, मीही तेच शब्द वापरतो. ते बोलत असताना खोलीत पाणी भरू लागते.

तीस वर्षे मी त्या खोलीत टेबलाच्या अलीकडे बसत आलो. पाणी मला कधी दिसले नव्हते. आता अशी बातमी सांगताना मी दोन वाक्यांनंतर थांबतो, पाण्याचा पेला पुढे करतो, आणि पुढचे त्यांनी विचारले तरच सांगतो.

त्या मुलाचे सांगायचे राहिले. वडिलांना मी केस पेपरवरची ओळ खोडून दिली, त्याखाली सही केली, आणि रोज पाऊण तास, अभ्यासानंतर, दिवाणखान्यात सर्वांसमोर, असे लिहिले. मुलाची मी माफी मागितली. पोटदुखी लगेच गेली नाही. दोनतीन महिन्यांत कमी होत गेली. पुढच्या दिवाळीच्या सुमारास तो लसीसाठी आला, तेव्हा वडिलांचा फोन घेऊन त्याने मला नवा वाडा दाखवला. चौकातून, विहिरीला वळसा घालून, जिन्याने वर नेले. खोलीचे दार उंच केलेले दिसले. मी विचारले, पहिल्या वाड्यात असेच होते का?

"नाही काका. खरं दार ठेंगणं होतं. आजोबांना रोज वाकावं लागायचं."