सीलबंद क्लास आणि रुपयाचे स्वल्पविराम

बिलाचा जुना क्लास वेंडरच्या डीएलएलमध्ये बंद, सोर्स कोड कुणाकडेच नाही, आणि क्लायंटला मात्र रक्कम १,२३४,५६७ अशी नको, १२,३४,५६७ अशी हवी. मग मीटिंगमध्ये हमखास कुणीतरी म्हणतं, “क्लास बदलता येत नाही ना, मग तो इनहेरिट करू.” किती वेळा सांगायचं? क्लास ‘सील्ड’ असेल तर सी शार्पचा कंपायलर ते पहिल्याच फटक्यात नाकारतो. सील्ड नसला तरी पंचाईत आहेच. लायब्ररी जी ऑब्जेक्ट्स बनवून तुमच्या हाती देते ती जुन्याच क्लासची असतात. तुमच्या नव्या क्लासची तिला गंधवार्ताही नसते.

इथे लागते एक्स्टेन्शन मेथड. सी शार्पमध्ये ती ३.० आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून आहे. एक स्टॅटिक क्लास, त्यात एक स्टॅटिक मेथड, पहिल्या पॅरामीटरच्या आधी ‘धिस’. आत बिलाची पब्लिक रक्कम घ्यायची आणि ‘एन-आयएन’ कल्चर देऊन करन्सी फॉरमॅटमध्ये ती स्ट्रिंग म्हणून परत करायची. बस्स. मेथड बिलाचीच असल्यासारखी बोलावता येते. कंपायलर मागच्या मागे साधा स्टॅटिक कॉल करतो.

“म्हणजे क्लास फोडलाच की!” नाही हो. प्रायव्हेट फील्ड तिलाही दिसत नाही. खरी मेख वेगळीच आहे. वेंडरने पुढच्या आवृत्तीत त्याच नावाची, तेच पॅरामीटर घेणारी मेथड आणली, तर पुढच्या कंपाइलनंतर त्याची चालते आणि तुमची मुकाट बाजूला पडते. तेव्हा नाव जरा आडवळणाचंच ठेवा.

बाकीचे गैरसमज किरकोळ, पण चिवट. कल्चर बदललं की चलनही बदलतं म्हणे! अमेरिकन सेटिंगच्या सर्व्हरवर कल्चर द्यायला विसरलात तर ₹५०० चे $५०० छापले जातील. विनिमय दर त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? दशांश सगळीकडे दोनच नसतात: आयएसओ ४२१७ नुसार येनला शून्य, कुवेती दिनारला तीन. मराठी लोकेल दिलं की देवनागरी आकडे येतात, हे ब्राउझरच्या ‘इंटल’मध्ये खरं आहे, डॉटनेटच्या टूस्ट्रिंगमध्ये नाही. आणि जावाच्या डेसिमलफॉरमॅटला ‘#,##,##०’ पॅटर्न देऊन लाखाचा स्वल्पविराम येत नाही. फक्त शेवटच्या गटाची लांबी धरली जाते, असं त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय. त्यासाठी आयसीयूफोरजे ही वेगळी लायब्ररी लागते.