अपयशाचे धनी

कचेरीत चूक घडली की पहिला प्रश्न बहुधा ‘कोणी केली?’ हाच असतो. आणि जेथे हा प्रश्न पहिला, तेथे माणसे काम शिकण्याऐवजी चूक झाकावयास शिकतात. याहून निराळी रीत श्रीहरिकोट्यास दिसली.

१० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हा अग्निबाण उपग्रहासह समुद्रात कोसळला. प्रकल्पप्रमुख होते अब्दुल कलाम. परंतु वार्ताहरांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. अपयशाचे उत्तरदायित्व त्यांनी स्वतःकडे घेतले, असे कलाम पुढे अनेकदा सांगत. मात्र दोषावर पांघरूण घातले गेले नाही. कसून तपास झाला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-यंत्रणेतील आम्ल एका झडपेतून गळाल्याचे निष्पन्न झाले. आपल्या निर्णयाची जबाबदारी कलामांनी सहकाऱ्यांसमक्ष मान्य केली, आणि तरीही ते त्याच पदावर राहिले.

१८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या दिवशी धवनांनी वार्ताहरांपुढे कलामांना धाडले.

अभय म्हणजे ढिलाई नव्हे. चूक सांगणाऱ्यास शिक्षा नसावी, पण चुकीला चौकशीतून सुटकाही नसावी. माणसे वाढतात ती अशाच कचेरीत.