सातबाऱ्यापासून सुरू होणारी पदवी

परभणीच्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षं वाणिज्य शिकवून मी निवृत्त झाले. त्यानंतर दोन वर्षांनी ओळखीच्या एका शिक्षणसंस्थेच्या सचिवांचा निरोप आला. त्यांना चार वर्षांचा नवा अभ्यासक्रम सुरू करायचा होता : रिअल इस्टेट हा मुख्य विषय असलेली व्यवसाय प्रशासनाची पदवी. आराखडा मी करून द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. "मॅडम, पुण्या-मुंबईकडचा एखादा सिलॅबस मागवून घ्या, अन् आपल्या हिशेबानं थोडा बदला. झालं," असं ते म्हणाले.

मी हो म्हटलं, त्याला एक घरगुती कारण होतं. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर हाती आलेल्या फंडातून त्यांनी शहराच्या कडेला दीड गुंठा जागा घेतली. व्यवहार शंभर रुपयांच्या मुद्रांकावर झाला, खाली नोटरीचा शिक्का. अण्णा गेल्यावर आम्ही भावंडं वारसनोंदीसाठी गेलो, तेव्हा तलाठ्यांनी सातबारा आमच्याकडे फिरवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं : भोगवटादार वर्ग २. शेजारी एक शब्द होता, मदतमाश. ती इनामी जमीन होती, परवानगीशिवाय विकताच येत नव्हती, आणि विकणाऱ्यानं ते सांगितलं नव्हतं. तोवर मी वीस वर्षं कंपन्यांचे ताळेबंद शिकवत होते. पण सातबारा मला वाचता येत नव्हता.

म्हणून आराखडा करताना मी आधी वेगळा प्रश्न घेतला. परभणीसारख्या जिल्ह्यात हा विषय शिकवायचा, तर त्याची सुरुवात कुठून व्हावी?

शेतीतून निघालेला विषय

स्थावर मालमत्ता हा विषय उंच इमारतींच्या शहरांत जन्मला असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचं एक मूळ शेतीच्या अर्थशास्त्रात आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात रिचर्ड इली या अर्थशास्त्रज्ञानं १९२० मध्ये जमिनीच्या अर्थशास्त्राची संशोधनसंस्था काढली. शेतजमीन, जंगल आणि शहरातली जागा यांचा एकत्र विचार करायचा, ही त्यामागची दृष्टी होती. पुढे त्याच विद्यापीठात जेम्स ग्रासकॅम्प यांनी रिअल इस्टेटचा अभ्यासक्रम नावारूपाला आणला. तरुणपणी पोलिओ झाल्यामुळे ते आयुष्यभर चाकाच्या खुर्चीत होते. त्यांची मांडणी साधी होती : जागेच्या व्यवहारात तीन पक्ष असतात. जागा वापरणारे, जागा तयार करणारे, आणि रस्ते-पाणी पुरवणारी सार्वजनिक व्यवस्था. तिघांचाही हिशेब जुळला, तरच तो व्यवहार टिकतो.

आपल्याकडे हा विषय शिकवणाऱ्या संस्था आहेत, पण बहुतेक महानगरांच्या आसऱ्यानं. त्यांच्या अभ्यासक्रमात मॉल, कार्यालयीन संकुलं, गुंतवणूक निधी असतो. त्यांच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. परभणीत २०११ मध्ये महानगरपालिका झाली, तरी इथला बाजार मुख्यतः प्लॉटचा आहे. शेताचं ले-आउट होतं, ले-आउटचे प्लॉट होतात आणि शिक्षक, कंडक्टर, दुकानदार, सालभर कापूस-सोयाबीन विकून चार पैसे राखलेला शेतकरी ते घेतो. १९७२ पासून या शहरात कृषी विद्यापीठ आहे. माती, पाणी, पीक यांची जाणकारी इथं हाताशी आहे. इलींनी जिथून सुरुवात केली, त्या जागी आपण आधीच उभे आहोत.

मराठवाड्याच्या जमिनीचा इतिहास

मुंबईच्या पाठ्यपुस्तकावर इथं भागत नाही, याचं कारण इतिहासात आहे. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती. जहागिरी १९४९ मध्ये संपल्या. १९५० मध्ये हैदराबादचा स्वतंत्र कूळ कायदा आला आणि १९५४ चा इनाम निर्मूलन कायदा त्याच्या मागोमाग. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, पण हे कायदे जमिनीबरोबर आले आणि आजही लागू आहेत. मदतमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेलं इनाम, खिदमतमाश म्हणजे देवस्थान वा धर्मस्थळाच्या सेवेसाठी दिलेलं. दोन्हींचे नियम वेगळे. मदतमाश जमिनी नियमित करण्याचा नजराणा बाजारभावाच्या ५० टक्के होता, तो २०२४ मध्ये ५ टक्क्यांवर आणला गेला. एका शब्दावर किती रकमेचा फरक पडतो, हे यावरून कळेल.

जमिनीचा उगम शोधताना इथं १९५४-५५ चं खासरा पत्रक मागितलं जातं. त्यामागचे कागद उर्दूत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांनाच कळली. जमिनीच्या व्यवहारात ही गरज रोजचीच होती.

चार वर्षांची मांडणी

नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात, म्हणजे वर्षाला ४० ते ४४. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात साधारण १५ तासांचं अध्यापन. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षी ऑनर्स, अशा बाहेर पडायच्या वाटा आहेत. याचा अर्थ असा, की प्रत्येक वर्ष स्वतःपुरतं पुरं असलं पाहिजे. पहिल्या वर्षी नुसती प्रस्तावना आणि खरा विषय तिसऱ्या वर्षी, हे चालणार नाही.

म्हणून पहिल्या वर्षाला मी 'वाचन' असं नाव दिलं. सातबारा, आठ-अ, फेरफार, गावनकाशा, नगरभूमापनाची मिळकत पत्रिका आणि नोंदणी कार्यालयातली सूची क्रमांक दोन. प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्याच गावचे पाच सातबारे आणायचे आणि प्रत्येकाचे फेरफार मिळतील तितके मागे न्यायचे. भाषेच्या श्रेयांकांतून महसुली उर्दू आणि मोडीची तोंडओळख. भारतीय ज्ञानपरंपरेच्या दोन श्रेयांकांत गावठाण, पांढरी, काळी, बलुतं-इनाम यांची व्यवस्था. वर्षाअखेर एखादी मुलगी शिक्षण सोडून घरी गेली, तरी घरचा कागद वाचता यावा.

दुसरं वर्ष कायद्याचं आणि भावाचं. मालमत्ता हस्तांतरण, नोंदणी, मुद्रांक, जमीन महसूल संहिता, नगररचना, तुकडेबंदी, गुंठेवारी आणि रेरा. मूल्यांकनाच्या तीन पद्धती जगभर शिकवतात : शेजारच्या विक्रीशी तुलना, उत्पन्नावरून किंमत आणि बांधकामाचा खर्च. आपल्याकडे पहिलीच लंगडी पडते, कारण मुद्रांक वाचवण्यासाठी खरेदीखतात कमी रक्कम लिहायची सवय आहे. तिची किंमत पुढे मोजावी लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला ठरवताना रेडी रेकनरचा दर पाहतात, तशीच मागच्या तीन वर्षांतली परिसरातली नोंदलेली खरेदीखतंही पाहतात. जालना-नांदेड द्रुतगती मार्गासाठी जिल्ह्यात संपादन निघालं, तेव्हा ही गोष्ट पुस्तकातली राहिली नाही. चार जणांनी कमी लिहिलेला भाव सगळ्या शिवाराच्या मोबदल्यात उतरू शकतो. हे एक प्रकरण नीट शिकवलं, तर अर्धं वर्ष सार्थकी लागलं असं मी समजेन.

एका एकराचं गणित

तिसरं वर्ष पैशाचं. रोख प्रवाह, कर्ज, करआकारणी, विपणन हे सगळं त्यात येईल. पण सुरुवात मी एका एकराच्या गणितानं केली आहे. ते इथं मांडते, कारण वाचकांपैकी अनेकांच्या घरात असा एखादा प्लॉट असेल.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. मंजूर ले-आउटमध्ये एवढ्या जमिनीला १० टक्के, म्हणजे ४ गुंठे, खुली जागा सोडावी लागते. समजा, नियमाच्या रुंदीचे रस्ते करण्यात २५ टक्के, म्हणजे १० गुंठे गेले. विकायला उरले २६. आता बिगरमंजुरीचा विक्रेता पाहा. तो खुली जागा सोडत नाही, बैलगाडी जाईल एवढी वाट ठेवतो आणि समजा ३६ गुंठे विकतो. जमीन दोघांनीही एकरी ४० लाखांना घेतली असं धरलं, तर पहिल्याला गुंठा सुमारे १ लाख ५४ हजारांना पडतो, दुसऱ्याला १ लाख ११ हजारांना. मंजुरी, नाल्या, वीज यांचा खर्च अजून धरलेलाच नाही.

हा ४३ हजारांचा फरक म्हणजे स्वस्ताई नव्हे. तो न झालेला रस्ता आहे, न सोडलेलं मैदान आहे. पुढे घरं होतात, पावसाळ्यात चिखल होतो, मग नगरसेवकाकडे अर्ज जातात. ग्रासकॅम्प यांचा तिसरा पक्ष हिशेबात न धरल्याचा हा परिणाम. सरकारनं २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. त्यामुळे आधीच राहायला गेलेल्या माणसाला दिलासा मिळतो, पण एकराचं गणित बदलत नाही.

नियोजन क्षेत्रातला ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा ले-आउट महारेराकडे नोंदवावा लागतो आणि ग्राहकाच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. एक एकर म्हणजे चार हजारांहून अधिक चौरस मीटर. अण्णांच्या वेळी हा कायदा नव्हता. आज आहे, पण तो विचारायचा असतो हे घेणाऱ्याला माहीत असावं लागतं.

पदवीनं काय मिळत नाही

सचिवांना दिलेल्या टिपणात मी एक परिच्छेद मुद्दाम ठळक केला. माहितीपत्रकात खोटं आश्वासन नको. जमीन आणि इमारतींचा नोंदणीकृत मूल्यनिर्धारक होण्यासाठी स्थापत्य, वास्तुकला वा नगररचनेची पदवी, किंवा पुढे मूल्यांकनाचं पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभव लागतो. नुसत्या या पदवीवर ते होता येत नाही. एजंट होण्यासाठी तर पदवीची गरजच नाही. महारेराचं प्रशिक्षण आणि परीक्षा मात्र २०२३ पासून सक्तीची आहे. ती तयारी दुसऱ्या वर्षातच करून घेता येईल. नावाचाही प्रश्न आहे. 'बीबीए' म्हटलं, की २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि प्रवेश परीक्षा आली. नाव आणि मान्यता आधी ठरवली नाही, तर पहिल्या तुकडीची मुलं मध्येच अडकतील.

नोकऱ्या कुठे, असं सचिवांनी विचारलं. बँकांच्या गृहकर्ज विभागात, छत्रपती संभाजीनगर आणि पुण्याच्या विकासकांकडे, मूल्यनिर्धारकांच्या कार्यालयात, भूसंपादनाच्या आणि मालमत्ता कराच्या कामात. संख्या मोठी नाही, म्हणून तुकडी तीसचीच ठेवा, असं मी सुचवलं. ते त्यांना फारसं आवडलं नाही.

चौथं वर्ष संशोधनाचं. प्रत्येक विद्यार्थ्यानं जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी एका तालुक्यातलं एक गाव घ्यायचं आणि १९५४-५५ पासून आजपर्यंत तिथली जमीन कुणाकडून कुणाकडे, कोणत्या कारणानं आणि किती भावाला गेली, ते मांडायचं. लग्न, आजारपण, कालवा, दुष्काळ, महामार्ग, सगळं त्या फेरफारांत असतं. दहा वर्षांत शे-दोनशे गावांचा असा अभ्यास जमला, तर तो महाविद्यालयापेक्षा जिल्ह्याला अधिक उपयोगी पडेल.

आराखडा मी मार्चमध्ये दिला. विद्यापीठाच्या मान्यतेचं पुढे पाहू, असं उत्तर आलं आहे. टिपणाच्या शेवटी मी अण्णांच्या त्या मुद्रांकाची छायाप्रत जोडली, विकणाऱ्याचं नाव झाकून. पहिल्या वर्षाच्या परीक्षेतला तो पहिला प्रश्न आहे : सोबतचा सातबारा आणि हा कागद वाचा, आणि निवृत्त शिक्षकाला हा प्लॉट घ्यावा की नाही ते कारणांसह सांगा. गुण दहा.